सहा जणांचं टेबल एकच जण ठरवतो



आजचा विषय जरा घरगुती वाटेल. पण ज्यांना खानावळ, नाश्ता सेंटर, पोळीभाजी केंद्र, लॉज किंवा होमस्टे सुरू करायचंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनीही वाचा, कारण मुद्दा फक्त जेवणाचा नाहीये.

माझी धाकटी लेक नऊ वर्षांची आहे. तिच्या जेवणाची यादी सांगायला दोन हातांची बोटं लागत नाहीत. साधं वरण, भात, तूप, पोळी, दही, चटणीशिवाय इडली, उकडलेला बटाटा. संपली यादी! वरणावर कोथिंबिरीचं एक पान दिसलं तरी वाटी बाजूला. भाजीचा रस्सा पोळीच्या कडेला लागला तरी पोळी बाद. घरी आम्हाला सवय झालीय. पण वर्कशॉपच्या निमित्ताने मी गावोगाव फिरतो आणि सुट्टी असली की घरच्यांनाही बरोबर घेतो. तेव्हा खरी परीक्षा सुरू होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरला गेलो. मी, बायको, आई-बाबा, मोठा मुलगा आणि ही. एकूण सहा. अंबाबाईचं दर्शन झालं आणि दुपारी एकच्या सुमारास कडकडून भूक लागली. बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर तांबडा-पांढरा रस्सा. आईला शाकाहारी थाळी चालणार होती. प्रश्न फक्त एका ताटाचा होता.

पहिल्या हॉटेलात मी वेटरला विचारलं, "मुलीसाठी थोडा साधा भात आणि बिनतिखट वरण मिळेल का?"

"थाळीत येतंय तेवढंच."

"वेगळे पैसे घ्या."

"दाल तडका आहे."

"तडका न देता?"

"होत नाही."

गल्ल्यावरचे मालक हे सगळं ऐकत होते. मान वर न करता म्हणाले, "मुलांना सगळं खायची सवय लावली पाहिजे." लेकीने ते ऐकलं. ती माझा शर्ट ओढून म्हणाली, "बाबा, मला भूक नाहीये." खोटं बोलत होती. सकाळपासून तिच्या पोटात दोन इडल्या होत्या. आम्ही सहाही जण उठलो.

दुसऱ्या ठिकाणी तासभर थांबायची रांग होती. तिसरी एक छोटी खानावळ. सहा-सात टेबलं, आत एक मावशी आणि त्यांचा मुलगा. मी परत तोच प्रश्न विचारला, आता जरा दबकतच. मावशी बाहेर आल्या आणि मला नाही, लेकीलाच विचारलं, "बाळ काय खातंय ते सांग की मला."

तिने सांगितलं. मावशी म्हणाल्या, "हाय की. फोडणी द्यायच्या आधीचं वरण रोज काढून ठेवते मी. म्हाताऱ्या माणसांस्नी लागतंय."

पाच मिनिटांत वाटीत पिवळं धमक वरण, भाताची मूद, वर तूप. कोथिंबीर नाही. त्याचे त्यांनी ६० रुपये लावले. सहा जणांचं बिल झालं १,८०० च्या आसपास. आणि पुढचे दोन दिवस आम्ही दुसरीकडे जेवायला गेलोच नाही. एकूण चार जेवणं तिथेच.

आता हिशोब बघा. पहिल्या मालकांनी ६० रुपयांची वाटी नाकारली असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात त्यांनी चार वेळचं सहा जणांचं टेबल नाकारलं.

माझी स्वतःची पाटी

त्या मालकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण मी ठेवणार नाही, कारण मीही तेच केलंय.

माझ्या जुन्या व्हिडिओंमध्ये ओझरता उल्लेख आलाय. २०११ मध्ये मी पुण्यात थाळीचं हॉटेल काढलं होतं. वीस महिने चाललं. भिंतीवर मी झोकात पाटी लावली होती: "थाळीत कोणताही बदल होणार नाही. कृपया आग्रह करू नये." पुण्यातली पाटी म्हणून लोक फोटो काढायचे आणि मला अभिमान वाटायचा. वाटायचं, आपण शिस्तीचा धंदा करतोय.

दर रविवारी एक आठ जणांचं कुटुंब यायचं. त्यातल्या आजोबांनी दात काढले होते. एका रविवारी त्यांच्या सूनबाईंनी विचारलं, "भात जरा मऊ करून द्याल का? थोडं पाणी घालून परत गरम केला तरी चालेल." मी पाटीकडे बोट दाखवलं. शब्दही बोललो नाही. आजोबा हसून म्हणाले, "राहू दे." त्या दिवशी त्यांनी ताक पिऊन भागवलं.

ते कुटुंब परत कधी आलं नाही. भांडले नाहीत, तक्रार केली नाही, वाईट रिव्ह्यू लिहिला नाही. नुसतं येणं बंद झालं. आणि मला ते लक्षात यायलाही दीड महिना लागला.

हॉटेल बंद झालं तेव्हा डोक्यावर साडेचार लाखांचं कर्ज होतं आणि बायकोचे दागिने सोनाराकडे होते. त्याला ती पाटीच जबाबदार होती असं मी म्हणणार नाही. भाडं जास्त होतं, जागा आतल्या गल्लीत होती, स्वयंपाकी दोनदा सोडून गेला. पण जे गिऱ्हाईक पायाने चालत दारात आलं होतं, त्याला मी बोट दाखवून परत पाठवलं. भाडं माझ्या हातात नव्हतं. पाटी माझ्या हातात होती.

नखरे म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे याला सरसकट "खाण्याचे नखरे" म्हणतात. "लाडावून ठेवलंय", "चार दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल" हे सल्ले मी भरपूर ऐकलेत. काही मुलांच्या बाबतीत ते वयच असतं. अगदी लहान वयात नव्या पदार्थाला नको म्हणणं ही फार सामान्य गोष्ट आहे आणि बहुतेक मुलं त्यातून हळूहळू बाहेर येतात. काहींना मात्र वास, चव किंवा तोंडातला स्पर्श खरोखरच सहन होत नाही. खाणं इतकं मर्यादित होणं की त्याने वाढीवर किंवा रोजच्या जगण्यावर परिणाम व्हावा, याला मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणात २०१३ पासून स्वतंत्र नाव आहे: एआरएफआयडी. म्हणजे हा विषय नुसत्या शिस्तीचा नाही. तुमच्या घरी असं मूल असेल आणि त्याचं वजन, वाढ याची काळजी वाटत असेल, तर यूट्यूब बंद करा आणि डॉक्टरांकडे जा.

पण धंदा करणाऱ्याला कारण कशाला हवं? तुमच्या टेबलावर बसलेल्याला मधुमेह आहे, दात नाहीत, नुकतंच ऑपरेशन झालंय, सातवा महिना चालू आहे की नुसतंच आवडत नाही, हे विचारायचा आपल्याला अधिकारही नाही आणि गरजही नाही. गिऱ्हाईक "हे चालत नाही" म्हणालं, एवढी माहिती पुरेशी आहे.

गंमत बघा, आपण हे आधीपासून करतोच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी ठेवतोच ना? मुंबईत पावभाजीवाल्याला "जैन" म्हटलं की तो एक शब्द न विचारता कांदा, लसूण, बटाटा वगळतो आणि कच्चं केळं घालून भाजी देतो. उपास म्हटलं की आपण मान देतो, आणि "मला तिखट सोसत नाही" म्हटलं की तोंड वाकडं करतो. दोन्ही गिऱ्हाइकांचे पैसे सारखेच आहेत!

मोठ्या कंपन्यांना हे कळतं. मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आलं ते गोमांस आणि डुकराचं मांस बाजूला ठेवून, आणि शाकाहारी स्वयंपाकाची वेगळी सोय करून. एवढी मोठी कंपनी आपला मेनू वाकवते आणि आपण सात टेबलांच्या हॉटेलात वरणाची वाटी वाकवत नाही.

मी आता हॉटेल कसं शोधतो

बऱ्याच ताई-दादांनी विचारलं होतं की अशा मुलाला घेऊन परगावी फिरताना काय करायचं. माझी पद्धत सांगतो. पण तुम्ही उद्योजक म्हणून वाचा. प्रत्येक मुद्द्याला स्वतःला विचारा, की माझ्यासारखं गिऱ्हाईक शोधत असताना तुमचं दुकान त्याला सापडेल का?

एक. गुगल मॅप्सवर मी सजवलेल्या थाळीचे फोटो बघत नाही. मेनूकार्डाचा फोटो शोधतो. त्यात साधा भात, दही, साधा डोसा, हाफ प्लेट यातलं काही दिसलं की ते हॉटेल माझ्या यादीत. मेनूकार्डच नसेल तर पुढे जातो. तुमच्या दुकानाच्या पानावर मेनूचा स्वच्छ, वाचता येईल असा फोटो आहे का? हे काम फुकटात होतं आणि दहा मिनिटांत होतं.

दोन. दुपारी साडेतीन ते पाच या वेळेत फोन करतो. तेव्हा गर्दी नसते, माणूस नीट बोलतो. "लहान मुलांसाठी काही मिळेल का?" असं मोघम विचारत नाही. त्याला उत्तर "हो हो, या ना" असंच येतं आणि तिथे गेल्यावर नूडल्स पुढे येतात. मी विचारतो, "फोडणीशिवाय वरण आणि भात मिळेल का?" उत्तर हो किंवा नाही. तुमच्याकडे फोन कोण उचलतं? त्याला स्वयंपाकघरात काय होऊ शकतं हे माहीत आहे का? की "शेठ नाहीत, नंतर करा"?

तीन. गर्दीच्या आधी पोचतो. दुपारी बाराला, संध्याकाळी सातला. दीड वाजता भरलेल्या हॉटेलात वेगळी मागणी करणं हा आचाऱ्यावर अन्याय आहे. गिऱ्हाइकानेही थोडी अक्कल वापरावी, हे मी स्वतःला धरून बोलतोय.

चार. नवीन शहरात आधी एक उडुपी हॉटेल हेरून ठेवतो. बाकी कुठेही जमलं नाही तर इडली आणि दहीभात तिथे आहेच. मुंबईत माटुंग्याला १९४२ पासून चालू असलेलं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. अशी ठिकाणं इतकी वर्षं का टिकतात? चव आहेच, पण भरवसाही आहे. उडुपी हॉटेलात काय मिळणार आणि कसं मिळणार हे आत शिरायच्या आधीच माहीत असतं. चोखंदळ खाणाऱ्याला नावीन्य नको असतं. कालची इडली आणि आजची इडली सारखी हवी असते. नवीन उद्योजक रोज मेनूत काहीतरी नवीन घालायच्या मागे लागतो. त्याआधी दोन पदार्थ असे करा की ते ३६५ दिवस सारखेच लागतील.

पाच. राहायची खोली बघताना मी आधी टीव्ही-एसी बघत नाही. पाच मिनिटांच्या पायी अंतरावर काय खायला मिळतं ते बघतो. मग विचारतो: खोलीत पाणी गरम करायची किटली आहे का? "नाश्ता समाविष्ट" लिहिलंय त्यात रोज नक्की काय असतं? आमचा डबा कुणी गरम करून देईल का? बॅगेत तुपाची छोटी बरणी आणि मेतकूट असतंच. साधा भात कुठेही मिळाला की तूप-मेतकूट-भात झाला. लॉज किंवा होमस्टे काढणाऱ्यांनी हे लिहून घ्या. किटली एकदाच घ्यायची आहे. पण "खोलीत किटली आहे, मुलांसाठी सकाळी मऊ भात किंवा साधी इडली सांगितल्यास मिळेल" ही एक ओळ तुमच्या जाहिरातीत असली, तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असलेली कुटुंबं शेजारचं लॉज सोडून तुमच्याकडे येतील.

मग प्रत्येकाची फरमाईश ऐकायची का?

नाही. हा प्रश्न वर्कशॉपमध्ये हमखास येतो आणि बरोबरच आहे. प्रत्येकाला हो म्हणणारा हॉटेलवाला सहा महिन्यांत स्वयंपाकी घालवून बसतो. माझा नियम सांगतो.

काही वगळायचं असेल, म्हणजे तिखट नको, कोथिंबीर नको, फोडणी नको, तर हो म्हणा. याला खर्च नाही, थोडं आधी काढून ठेवावं लागतं. मावशी हेच करत होत्या. त्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळं वरण शिजवत नव्हत्या. शिजलेल्या वरणातून फोडणीआधी एक डबा बाजूला काढत होत्या. याला व्यवस्था म्हणतात. उपकार नव्हे.

असलेल्याच सामानातून थोडं वेगळं करायचं असेल, म्हणजे भात मऊ करून देणं, साधा डोसा लहान घालणं, तर हो म्हणा, पण दर लावा. फुकट देऊ नका. ६० रुपये देताना मला एक क्षणही जड गेलं नाही. उलट फुकट दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी परत मागायला संकोच वाटला असता. दर लिहिलेला असला की गिऱ्हाइकाला हक्काने मागता येतं.

पूर्ण नवीन पदार्थ हवा असेल, तर नाही म्हणा. पण "होत नाही" म्हणून तोंड फिरवू नका. "आमच्याकडे हे नाही, पण दोन दुकानं सोडून मिळेल, तुम्ही मागवून इथे बसून खा" असं म्हणा. बाकीचं टेबल तुमच्याकडेच राहील.

आणि एक गोष्ट कधीच करायची नाही: खोटं हो. जैन जेवण सांगितलंय आणि तीच पळी कांद्याच्या भाजीत बुडवलीय. शेंगदाणे चालत नाहीत असं सांगितलंय आणि चटणीत कूट आहे. इथे गिऱ्हाईक जाण्याचा प्रश्न नाही, माणसाच्या जिवाशी खेळ होऊ शकतो. देशभर दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेल साखळ्यांना २०२२ पासून मेनूवर पदार्थांचे उष्मांक द्यावे लागतात आणि ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांची माहितीही द्यावी लागते. तुमच्या एका दुकानाला एवढं करावं लागत नसेल, तरी एका कागदावर लिहा: कशात शेंगदाणे आहेत, कशात दूध आहे, कशात मैदा आहे. तो कागद वेटरच्या खिशात असू द्या. माहीत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणायला शिकवा. आणि एकच तवा असेल तर तसं स्पष्ट सांगा. खरं "नाही" ऐकून गिऱ्हाईक आज जातं आणि उद्या दुसरं काहीतरी खायला परत येतं. खोट्या "हो"नंतर ते कधीच येत नाही.

हॉटेल नसलेल्यांसाठी

तुमचा धंदा वेगळा असला तरी असा एक माणूस तुमच्याही टेबलावर बसलेला असतो. सगळं कुटुंब साड्यांच्या दुकानात आलंय, पण आजींना बसायला खुर्ची नाही. दहा मिनिटांत आजी म्हणतात, "चला आता." झाली खरेदी! सहलीच्या बसमध्ये एकाला गाडी लागते, तो मागच्या वेळेचा अनुभव सांगतो आणि अख्खा ग्रुप दुसरी ट्रॅव्हल कंपनी बघतो. सलूनमध्ये मशीनच्या आवाजाला घाबरणारं एक मूल असतं, आणि त्या घरातले बाप-लेक सगळे तिथे जातात जिथे त्याचे केस कात्रीने, न रडवता कापले जातात.

आपण "आपलं टार्गेट कस्टमर कोण" यावर तासन्‌तास बोलतो. मीही बोलतो. पण गटाने येणाऱ्या गिऱ्हाइकात निर्णय बहुतेक वेळा सगळ्यात खूश माणूस घेत नाही. ज्याची सगळ्यात जास्त अडचण होणार असते, त्याच्यामुळे निर्णय होतो. त्याची एक छोटी अडचण सोडवा, बाकीचे पाच जण आपोआप बसतात.

या आठवड्याचं काम

वही घ्या. गेल्या महिन्यात दारातून परत गेलेली तीन गिऱ्हाइकं आठवा. ती काय मागत होती ते लिहा. त्यातली कुठली मागणी नुसती "वगळा" या प्रकारातली होती, त्यावर खूण करा. सोमवारपासून ती एक गोष्ट सुरू करा आणि तिला दर लावून बोर्डावर लिहा. दुकान अजून सुरू झालं नसेल, तर आजूबाजूच्या तीन हॉटेलांत जा, साधं वरण मागा आणि काय उत्तर मिळतं ते लिहून आणा. तुमची संधी त्या उत्तरात आहे.

कोल्हापूरच्या शेवटच्या दिवशी मावशींनी एका वाटीत चमचाभर पांढरा रस्सा आणून लेकीसमोर ठेवला. "बघ जिभेला लावून." तिने बोट बुडवलं, जिभेला लावलं, विचार केला आणि म्हणाली, "नको."

मला वाटलं आता मावशी आग्रह करतील. त्यांनी वाटी शांतपणे उचलली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पुढच्या येळेला."

परतीच्या प्रवासात लेकीने विचारलं, "आपण परत कधी जायचं?" मे महिन्याची तिकिटं काढलीत. सहाच्या सहा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत तुमच्या दुकानात "होत नाही" अशी एखादी पाटी असेल, तर एकदा तिच्यासमोर उभे राहून वाचा. गिऱ्हाइकाच्या बाजूने.